राहुटी

राहुटी हा दोन उभे खांब, त्यांवरील आडवी दांडी आणि दोन्ही अंगांना उतरते कापड अशा रचनेचा, सुटा करून नेता येणारा तंबू आहे. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी व इंदापूर येथे मुक्कामी असते, तेव्हा दिंड्या मोकळ्या रानात राहुट्या उभारतात.

उंच वारकऱ्याच्या दृष्टीने राहुटीच्या मधल्या उंचीपेक्षा झोपण्याची लांबी महत्त्वाची ठरते. उंची आत शिरण्यापुरती. झोप मात्र रात्रभराची. उताणे झोपलेल्या उंच माणसाची पावले अंथरुणासह साधारण ३० सेंटिमीटर वर येतात, उशीवरचे डोकेही जवळपास तितकेच. उतार ४५ अंशांचा असल्यास त्या पातळीवर दोन्हीकडे ३० सेंटिमीटर लांबी घटते. म्हणून १८३ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला उताराच्या दिशेने झोपण्यास जमिनीवर किमान २४३ सेंटिमीटर जागा लागते. टोकाचे पडदे उभे असतील, तर दांडीला समांतर झोपल्याने ही तूट टळते.

भिजलेल्या सुती कापडाला आतून पाय टेकला, की तेथूनच पाणी झिरपू लागते. नायलॉनचे कापड वजनाला हलके. परंतु त्याच्या आतल्या बाजूस श्वासातील बाष्प साचते आणि पाय टेकल्यास अंथरूण तेथेही ओलावते.