चाळीस मिनिटांची लढाई

जगातलं सगळ्यात छोटं युद्ध कोणतं, हा प्रश्न सामान्यज्ञानाच्या पुस्तकात वाचून मीही हसलो होतो. झांजिबार, २७ ऑगस्ट १८९६. वेळ जेमतेम चाळीस मिनिटं.

सुलतान हमद बिन थुवैनी वारले आणि चुलतभाऊ खालिद बिन बरगश इंग्रजांना न विचारता गादीवर बसले. (खालिद यांचे वडील सुलतान बरगश. गादीवर येण्याआधी केलेल्या बंडापायी त्यांना इंग्रजांनी आपल्या मुंबईत हद्दपार केलं होतं.) इंग्रजांनी सकाळी नऊपर्यंतची मुदत दिली. नऊनंतर दोनच मिनिटांत तोफा सुरू.

खरी गंमत बंदरात. सुलतानाच्या आरमारात नाव घेण्यासारखं एकच जहाज, ‘ग्लासगो’. बरगश यांनी ब्रिटिश युद्धनौकेच्या नमुन्यावर बांधून घेतलेलं. ते बुडवलं ब्रिटिशांनीच, आणि शरण येताना खलाशांनी चढवला तो झेंडाही ब्रिटिशांचाच!

पण पुढचे आकडे वाचले आणि हसू ओसरलं. लाकडी राजवाडा पेटला. खालिद यांच्या बाजूची सुमारे पाचशे माणसं मेली किंवा जखमी झाली. ब्रिटिशांचा जखमी खलाशी एक.

खालिद जर्मन वकिलातीत शिरले. बाहेर पाऊल टाकताच धरायला इंग्रजांचे शिपाई टपलेलेच. २ ऑक्टोबरला मोठी भरती आली, जर्मन होडी थेट वकिलातीच्या आवाराला लागली, आणि झांजिबारच्या रस्त्यावर पाय न ठेवता खालिद निसटले. इंग्रजांच्या हाती लागले ते १९१६ साली, महायुद्धात. मग रवानगी सेंट हेलेनाला, नेपोलियनच्याच बेटावर.