मुलीचे नाव : दोन अक्षरांचा इतिहास

नामकरण हा आपल्या सोळा संस्कारांपैकी एक होय. पाळण्यात घातलेल्या बालकाच्या कानात आत्याने नाव सांगावे आणि जमलेल्या स्त्रियांनी पाळणा म्हणावा, ही रीत आपल्याकडे अद्याप चालू आहे. हुडकेश्वर-नरसाळा ही खेडी नागपूर महानगरपालिकेच्या हद्दीत आली, शेतांवर ले-आऊट पडले, तरी बारसे राहिले. बदलली ती नावे. भागीरथी, चंद्रभागा, यशोदा यांची जागा आता सई, रेवा, इरा, ओवी यांनी घेतली आहे. नाव लहान असावे आणि शेजारच्या दहा घरांत दुसरे तसे नसावे, असा तरुण आईबापांचा आग्रह असतो. वडीलधारी मंडळी याला नवे खूळ म्हणतात. ते कितपत नवे आहे, हे इतिहासाच्या आधारे पाहणे उचित होईल.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. पारस्कर गृह्यसूत्राने मुलीचे नाव विषम अक्षरांचे व आकारान्त असावे असे सांगितले. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ते उच्चारास सोपे, स्पष्ट अर्थाचे, मनोहर व मंगल असावे असे म्हटले आहे. येथवर कोणाचाही आक्षेप नसावा. परंतु त्याच अध्यायात शूद्राचे नाव निंदाव्यंजक असावे असाही दंडक आहे, आणि तिसऱ्या अध्यायात नक्षत्र, वृक्ष अथवा नदी यांचे नाव असलेली वधू करू नये असे बजावले आहे! आपल्या आज्या-पणज्यांनी हा निर्बंध मुळीच जुमानला नाही. गंगा, यमुना, गोदावरी, तुळसा, रोहिणी या नावांनी मराठी घरे भरून गेली. तात्पर्य, नावाच्या बाबतीत पोथीपेक्षा घरातील माणसांची आवड व श्रद्धा हीच नेहमी बलवत्तर ठरली.

आखूड नावही आजचे नव्हे. संत जनाबाई व मुक्ताबाई यांच्या नावातील आदरार्थी ‘बाई’ वगळली, तर जना आणि मुक्ता ही दोनच अक्षरे उरतात. शिवछत्रपतींच्या प्रथम पत्नी सईबाई. म्हणजे आज अभिनव वाटणारे ‘सई’ हे नाव साडेतीनशे वर्षांहून जुने ठरते. आपल्या नागपुरातच दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या राणी बाकाबाई होऊन गेल्या. १८१६ साली पती निवर्तल्यानंतर १८५८ साली मृत्यू येईपर्यंत राजघराण्यात त्यांचा शब्द वजनदार होता. इतके आखूड आणि विरळा नाव आजही क्वचितच आढळेल. मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या ज्येष्ठ कन्येचे नाव आरंभी हेमा होते. ‘भावबंधन’ नाटकातील लतिकेवरून पुढे ते लता झाले. त्या नाटकाचे कर्ते राम गणेश गडकरी यांचा अंत १९१९ साली आपल्याच जिल्ह्यातील सावनेर येथे झाला. दोन अक्षरांचे ते नाव साऱ्या जगाने ऐकले.

या इतिहासाची दुसरी बाजू मात्र क्लेशदायक आहे. मुलगा हवा असता मुलगी झाली म्हणून तिचे नाव ‘नकोशी’ अथवा ‘नकुसा’ ठेवणारी घरे महाराष्ट्रात होती. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा येथे जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने अशा २८५ मुलींचे नामांतर करण्यात आले. हाक मारली की आपण घरात नको होतो हेच ज्या मुलीच्या कानी पडावे, तिने शाळेत मान वर कशी करावी? आणि ज्यांना माहेरी चांगले नाव मिळाले, त्यांचे तरी ते कोठे टिकले? पहिल्या मराठी स्त्री डॉक्टर आनंदीबाई जोशी व ‘सेवासदन’च्या रमाबाई रानडे या दोघींचेही माहेरचे नाव यमुना. विवाहानंतर दोघींचीही यमुना लोपली. लग्नात ताटातील तांदळांवर वधूचे नवे नाव लिहिण्याची चाल आपल्याही घरांतून होती. कित्येक नातवांना आपल्या आजीचे जन्मनाव ठाऊक नाही, त्याचे कारण हेच.

आता काळ पालटला आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरविला. आईचे नाव कागदावर कायमचे आले, ही गोष्ट लहान नव्हे. चार नावांच्या या ओळीत मुलीचे नाव सुटसुटीत असणे सोयीचेच आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पुढे जन्मदाखलाच जन्माचा पुरावा म्हणून लागणार असल्याने नोंद करताना ऱ्हस्व-दीर्घही पाहून घ्यावे. घाई मात्र नको. १९६९ च्या कायद्यान्वये नावाविना जन्म नोंदवून ते मागाहूनही घालता येते.

जन्माक्षराचाही अट्टहास नसावा. सत्तावीस नक्षत्रांच्या एकशे आठ चरणांत आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ‘ङ’ हे अक्षर आहे. त्यावरून नाव कोणी शोधून काढावे? तेथे पत्रिकेतले नाव निराळे व हाकेचे निराळे, हाच मार्ग पूर्वजांनीही काढला.

समाजबंधुभगिनींनो, नाव दोन अक्षरांचे असो वा पाच, त्याचा अर्थ शब्दकोशात पडताळून पाहावा. ओवी म्हणजे आजीचे जात्यावरचे गाणे, रेवा म्हणजे नर्मदा, हे मुलीला सांगता आले पाहिजे. उद्या तिने “माझे हे नाव का ठेवले?” असे विचारले, तर अभिमानाने उत्तर देता येईल असेच नाव निवडावे. आणि एकदा दिलेले ते नाव तिच्या लग्नाच्या मांडवातही तिचेच राहू द्यावे.