थांबायला शिकणारा मेंदू

गेले चार महिने माझ्या नातीच्या उजव्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी असते. उजवा डोळा चांगला आहे, आणि झाकायचा तोच. डावा आळशी आहे, त्याला कामाला लावायचं म्हणून. चार वर्षांच्या पोरीला हे कसं पटावं? पट्टी लावली की ती आईवर रुसते आणि माझ्याकडे येऊन बसते. एकदा तिनं विचारलं, "नाना, तुमची पट्टी कुठे आहे?"

माझाही डावा डोळा आळशीच आहे. लहानपणी अम्मीनं मला एका डॉक्टरांना दाखवलं होतं. मोठा झाला की सुधारेल, असं ते म्हणाले आणि अम्मी निर्धास्त झाली. 1981 साली, अकरा वर्षांचा असताना, वर्गात खेळता खेळता मी उजवा डोळा हातानं झाकला तर फळ्यावरचं एक अक्षर वाचता येईना. मग चष्मा आला. पण चष्म्यानंही अक्षरं गढूळच राहिली. डोळ्यात दोष सापडेना, भिंग बरोबर, तरी दिसेना. हा काय प्रकार, ते कुणी नीट सांगितलं नाही.

योगायोग असा की त्याच 1981 साली डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीजल या दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं, आणि त्यांच्या कामात माझ्या डोळ्याचं उत्तर होतं. ते माझ्यापर्यंत पोचायला पुढं तीसेक वर्षं लागली. मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. मेंदूच्या पेशींशी माझा संबंध यायचं तसं कारण नव्हतं.

ह्युबेल आणि वीजल यांनी 1963 साली मांजरीच्या पिल्लांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पिल्लाची एक पापणी शिवून टाकायची आणि दोनअडीच महिन्यांनी उघडायची. डोळा तसा धड असायचा. पण मेंदूच्या दृष्टीच्या भागातल्या जवळजवळ सगळ्या पेशी उघड्या राहिलेल्या डोळ्यालाच ओ द्यायच्या, मिटलेल्या डोळ्याला कुणी विचारत नसे. मोठ्या मांजराचा डोळा कित्येक महिने मिटून ठेवला तरी असं काही होत नसे. म्हणजे बाळपणात एक ठरावीक काळ असतो. त्या काळात जो डोळा काम करील त्याला मेंदूत जागा मिळते. दोन्ही डोळे मिटले तर नुकसान अपेक्षेपेक्षा कमी होतं, हेही त्यांनाच दिसलं. दोन डोळ्यांत जागेसाठी चढाओढ असते. नातीच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी येते ती याच चढाओढीमुळे.

पण हा काळ सुरू कोण करतं आणि संपवतं कोण? याचं उत्तर फार उशिरा मिळालं, आणि ते अनपेक्षित ठिकाणी मिळालं. ते मेंदूला चेतवणाऱ्या पेशींकडे नव्हतं, मेंदूला 'थांब' म्हणणाऱ्या पेशींकडे होतं.

शरीरात असं थांबवणारं काही असतं, हे मान्य व्हायलाच वेळ लागला. 1845 साली वेबर बंधूंनी व्हेगस नावाच्या मज्जातंतूला वीज दिली तर हृदय थांबलं. मज्जातंतू चेतवला आणि अवयव गप्प झाला, हे लोकांना विपरीत वाटलं. पुढं 1862 मध्ये इव्हान सेचेनॉव्ह हा रशियन शास्त्रज्ञ पॅरिसमध्ये बेडकावर काम करत होता. बेडकाचा पाय सौम्य आम्लात बुडवला की तो झटकन वर येतो. सेचेनॉव्हनं मेंदूच्या एका भागावर मिठाचा खडा ठेवला, तर पाय वर यायला उशीर लागू लागला. मेंदू पायाला आवरत होता. यावर त्यानं लिहिलेल्या निबंधाला रशियात सरकारी सेन्सॉरनं बराच छळलं. माणसाचा विचार म्हणजे आवरून धरलेली क्रिया, असं म्हणणारा माणूस झारच्या अधिकाऱ्यांना धोकादायक वाटला! कवीला मात्र हे पटायला जड नाही. ओळीत न लिहिलेल्या शब्दाचं वजन किती, ते त्याला ठाऊक असतं.

आवरण्याचं काम करणारं द्रव्य हाती आलं ते 1950 साली. अमेरिकेत यूजीन रॉबर्ट्स उंदरांच्या ऊतींमधली अमिनो आम्लं कागदावर वेगळी करत होते. मेंदूच्या कागदावर एक ठसठशीत डाग उमटला, तो दुसऱ्या कुठल्या अवयवाच्या कागदावर तसा दिसेना. हे द्रव्य म्हणजे गाबा. वनस्पतींमध्ये ते आधीच सापडलेलं होतं, मेंदूत त्याचं काय काम हे कुणाला सांगता येत नव्हतं. 1957 मध्ये मॉन्ट्रियलला अर्न्स्ट फ्लोरी आणि सहकाऱ्यांनी गुरांच्या मेंदूतून चेतापेशींना गप्प करणारा अर्क शुद्ध केला. तोही गाबाच निघाला.

इथं गोष्ट संपायला हवी होती. तशी ती बरीच वर्षं संपलेली मानली गेली. मग 1989 साली पॅरिसमध्ये यहेझ्केल बेन-आरी आणि त्यांच्या गटानं नुकत्या जन्मलेल्या उंदरांचे मेंदू तपासले. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात गाबा पेशींना गप्प करत नव्हता, उलट चेतवत होता! दुसऱ्या आठवड्यापासून तो मोठ्यांसारखा वागू लागला.

याचं कारण साधं आहे. गाबा पेशीच्या भिंतीतलं एक दार उघडतो, त्यातून क्लोराइड ये-जा करतं. क्लोराइड म्हणजे आपल्या मिठातलाच अर्धा भाग. बाळाच्या पेशीत ते भरपूर असतं, म्हणून दार उघडलं की बाहेर पडतं आणि पेशी चेतते. वाढत्या वयात पेशी क्लोराइड बाहेर फेकणारा पंप बसवते. मग तेच दार उघडल्यावर क्लोराइड आत येतं आणि पेशी शांत होते. हा पंप कोणता, ते 1999 मध्ये हेलसिंकीच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. दोन वर्षांनी आणखी एक प्रयोग आला. काचपात्रातल्या पेशींवर गाबाचं काम बंद पाडलं, तर हा बदल लांबला. गाबाचं आधीचं चेतवणंच पुढच्या शांततेची तयारी करतं, असा त्याचा अर्थ. काही प्रयोगशाळांना मात्र असं आढळलं नाही, त्यामुळे हा वाद राहिला. 2006 साली तर असं दिसलं की उंदरीण वितीय, त्या वेळी आईच्या शरीरातलं ऑक्सिटोसिन पिल्लाच्या मेंदूतला गाबा थोड्या वेळापुरता शांतवणारा करतं.

आता माझ्या डोळ्याकडे येतो. 1998 साली जपानच्या रिकेन संस्थेतले ताकाओ हेन्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाबा कमी बनवणारे उंदीर घेतले. त्यांचा एक डोळा कोवळ्या वयात मिटला, तरी मेंदूत काहीच बदल झाला नाही. निर्णायक काळ सुरूच झाला नव्हता. मग गाबाचा परिणाम वाढवणारं डायझेपाम मेंदूत दिलं, आणि दार उघडलं. 2000 साली त्यांनी साध्या उंदरांत हाच काळ वेळेआधी सुरू करून दाखवला. (हे सगळं उंदरांत झालेलं आहे. झोपेची गोळी डोळ्याचं औषध आहे, असं कृपया कुणी समजू नये.)

आवरणाऱ्या पेशी पुरेशा पक्व झाल्या की निर्णायक काळ सुरू होतो. आणि त्या पक्व कशानं होतात, तर वापरानं. अंधारात वाढवलेल्या पिल्लांत हे 'थांब' म्हणणारे जोड अर्धेकच्चे राहतात आणि निर्णायक काळ लांबतो. 2002 साली काचपात्रातल्या पेशी दोन दिवस निःशब्द ठेवल्या, तर त्यांच्यावरची गाबा झेलणारी ठिकाणं कमी झाली. बोलणंच नाही, तर आवरायचं कशाला, असा हिशेब. कानाच्या बाबतीत तर हे ऐकू येण्याआधीच घडतं. आवाजाची दिशा ओळखणाऱ्या भागात उंदराच्या पिल्लाचे आवरणारे जोड आधी सढळपणे पसरलेले असतात. मग त्यातले बरेचसे मुके होतात आणि उरलेले कित्येक पटींनी बळकट होतात. पिल्लाचा कान त्या वेळी जगाला बंद असतो.

माझ्या मेंदूत हे सगळं बरोबरच झालं असणार. आवरणाऱ्या पेशी वेळेवर पक्व झाल्या, दार उघडलं, उजव्या डोळ्यानं जागा घेतली आणि दार मिटत आलं. चूक एवढीच की तेव्हा पट्टी नव्हती.

मागच्या शुक्रवारी नातीच्या तपासणीला मीही गेलो होतो. डॉक्टर बाई उंच, हसऱ्या. तिचा उजवा डोळा झाकून त्यांनी भिंतीवरचा तक्ता दाखवला. चार महिन्यांपूर्वी ती पहिल्या ओळीला अडली होती. या वेळी तिसरी ओळ तिनं बोटानं दिशा दाखवत पार केली आणि चौथीला ओठ चावून थांबली. मग खुर्चीवरून उतरून म्हणाली, "आता नाना."

बाई म्हणाल्या, "बसा की."

मी बसलो, उजवा डोळा झाकला. सर्वांत वरचं मोठं चिन्ह तेवढं दिसलं. नात शेजारी उभी राहून खालच्या ओळी मला हळूच सांगू लागली.