पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं देऊळ: दंतकथेला प्रश्न कसा विचारायचा?

'पेट झाली, आता विषय कोणता घेऊ?' असं बरेच जण विचारतात. विषयाच्या आधी प्रश्न ठरवावा लागतो. मला हे ज्या उदाहरणातून कळलं, ते आज सांगते.

उल्हासनगर कॅम्प नं. ३ मधून कर्जतच्या दिशेने निघालात की पुढचंच स्टेशन अंबरनाथ. तिथलं वालधुनीकाठचं शिवमंदिर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. ते कोणी बांधलं, असं विचारून बघा. उत्तर ठरलेलं असतं: पांडवांनी, वनवासात असताना, एका रात्रीत. उजाडलं म्हणून शिखर अर्धवट राहिलं.

मंदिरातला शिलालेख मात्र वेगळंच सांगतो. त्यात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० हे वर्ष आहे आणि राजा आहे उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातला मम्वाणी.

माझं शिक्षण विज्ञान शाखेतलं. त्यामुळे पहिल्या मसुद्यात मी सरळ लिहून टाकलं: दंतकथा चूक, शिलालेख बरोबर. गाइड सरांनी समासात एवढंच लिहिलं, 'चूक आहे, पण कोणत्या प्रश्नाचं उत्तर म्हणून?' त्या एका ओळीपायी मला सगळं प्रकरण नव्याने लिहावं लागलं.

वीर प्रवासातच का असतो?

जरा ग्रीसकडे बघू. मायसीनीच्या तटबंदीतले दगड इतके अवाढव्य आहेत की नंतरच्या ग्रीकांना ते माणसाचं काम वाटेना. त्यांनी ते सायक्लोप्स या एकाक्ष राक्षसांच्या नावावर टाकलं, आणि नगराचा संस्थापक ठरला मेड्यूसाचं मुंडकं आणणारा वीर पर्सियस. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पौसानियस हा प्रवासी तिथे गेला, तेव्हाही त्याने हीच कथा नोंदवली.

आता दोन्हीकडचं साम्य बघा. राजा राजधानीत बसलेला असतो. मोहिमेवर निघालेला वीर कुठूनही जाऊ शकतो. हेराक्लिसला बारा कामगिऱ्या मिळाल्या. पहिली ग्रीसमधल्याच नेमियाच्या सिंहाची, पण गेरिऑनची गुरं आणायला तो पश्चिमेच्या टोकापर्यंत गेला. म्हणून जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीलाही त्याचे 'स्तंभ' चिकटले. पांडवांकडे तर बारा वर्षांचा वनवास आणि वर एक वर्षाचा अज्ञातवास! नाशिकच्या बौद्ध लेण्यांमध्ये सातवाहनांचे शिलालेख आहेत, तरी लोकांच्या तोंडी ती 'पांडवलेणी'च. अंबरनाथच्या कथेतली 'रात्र'सुद्धा मला इथे अर्थपूर्ण वाटते. लपून राहणाऱ्यांनी रात्री बांधलं, म्हणजे साक्षीदार नसणारच.

थोडक्यात, शिलालेख 'कधी आणि कोणाच्या काळात' हे सांगतो. दंतकथा सांगते की बांधणाऱ्यांची आठवण पुसल्यावर लोकांनी या देवळाचं मोठेपण स्वतःला कसं समजावलं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दोन्ही संशोधनाचे.

कधीकधी कथेमागे राजकारणही असतं. इ.स.पूर्व ४७५च्या सुमारास अथेन्सच्या सायमनने स्कायरोस बेट जिंकलं आणि तिथून थीसियसच्या म्हणून मानल्या गेलेल्या अस्थी वाजतगाजत अथेन्सला आणल्या. अस्थी खरंच कोणाच्या होत्या, यापेक्षा 'त्या आणून सायमनला काय मिळालं?' हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

शिलालेखही आपोआप बोलत नाही

इथे विज्ञानवाल्यांनी जास्त जपायला हवं. अंबरनाथच्या लेखातलं वर्ष डॉ. भाऊ दाजी लाड यांनी आधी शके ७८२ असं वाचलं होतं. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते ९८२ असल्याचं दाखवलं. एका अंकामुळे मंदिर दोनशे वर्षं मागेपुढे झालं! आणि हे भगवानलाल भाऊ दाजींच्याच हाताखाली काम शिकलेले. गुरूचं वाचन पुन्हा दगडाशी ताडून बघणं म्हणजे अनादर नाही, तेच तर आपलं काम आहे.

आमच्या कॅम्पच्या नावात दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीची आठवण अजून शिल्लक आहे. फाळणीनंतर त्या बराकींमध्ये सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं. घरोघरी हे सांगणारी माणसं आहेत, तोवर इथे कुठल्या पांडवांची गरज पडणार नाही. नऊशे वर्षांनी मात्र काय सांगतील, कोणास ठाऊक.

तेव्हा या आठवड्यात एक करा. तुमच्या गावातली एक दंतकथा घ्या आणि वहीत दोन रकाने आखा. पहिल्यात लिहा, 'प्रत्यक्षात काय घडलं?' दुसऱ्यात, 'ही कथा कोणी, कधीपासून, कशासाठी सांगितली?' प्रत्येक रकान्यासाठी पुरावा कुठे मिळेल, तेही नोंदवा. दुसरा रकाना भरताना अडखळलात, तर घाबरू नका. बहुतेक तुमचा विषय तिथेच आहे.