फ्रोझन माल : एकदा वितळला की धोका

बेला (जि. आदिलाबाद) : पैनगंगेच्या अलीकडे तेलंगणा, पलीकडे महाराष्ट्र, पण फ्रोझन मटार, पराठे, मासळीला कायदा एकच – अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006. हा माल कारखान्यापासून दुकानापर्यंत उणे 18 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली ठेवायचा असतो.

थंडीने जंतू मरतात, हा गैरसमज. बहुतेक जंतू नुसते थांबतात; माल वितळला की पुन्हा वाढतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 40 च्या वर जातो. गाडीतून माल उतरवायला उशीर झाला किंवा लाईट जाऊन फ्रीझर बंद राहिला, की माल सुटतो. नंतर परत गोठला तरी वरून चांगलाच दिसतो.

घेताना पाहा :
• मटारचा एकच गोळा झालाय किंवा पाकिटात बर्फाचे मोठे खडे आहेत? घेऊ नका.
• तारीख आणि 14 अंकी परवाना क्रमांक वाचा.
• फ्रीझर रात्री बंद करतात का, दुकानदाराला विचारा.

घरी : माल फ्रिजच्या खालच्या खणात वितळवा, पुन्हा गोठवू नका.

तक्रार : बिल जपा. दुकान तेलंगणातले असेल तर जिल्ह्याच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे, महाराष्ट्रातले असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे.