282 गुण आणि गुणवत्तेचा काटा

दहावी-बारावीचे निकाल लागले की पुण्यात एकच बोलणे चालते. कोणत्या महाविद्यालयाची यादी कितीवर बंद झाली, याचे. सदाशिव पेठेतही तेच आणि ताडीवाला रोडच्या वस्तीतही तेच. मी या शहरात शिक्षक आहे. माझी एक विद्यार्थिनी प्रवेशअर्जातल्या प्रवर्गाच्या रकान्याशी थांबली आणि म्हणाली, "सर, हा भरला की मी कमी गुणांची ठरते." तिला जे सांगितले तेच इथे मांडतो.

पहिली गोष्ट याच शहराची. 1882 साली हंटर आयोगाला जोतीराव फुले यांनी पुण्याहून निवेदन दिले. स्पर्धेने शिष्यवृत्त्या वाटणे तत्त्वतः न्याय्य दिसत असले, तरी त्यामुळे इतर वर्गांत विद्याप्रसार होत नाही; म्हणून ज्या वर्गांत शिक्षण पोचले नाही त्यांना त्या द्याव्यात, असे त्यांनी सुचवले. गुणांच्या काट्यावरचा हा आक्षेप इतका जुना आहे.

दुसरी गोष्ट 1907 सालची. भीमराव आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. गुण 750 पैकी 282. शेकडा 38 सुद्धा नव्हेत. परळच्या चाळीतली एक खोली हीच अभ्यासाची जागा. संस्कृत शिकायची ओढ असूनही ते नाकारले गेले म्हणून फारशी घ्यावी लागली. 282 हा आकडा यातले काहीही सांगत नाही. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली. 1913 साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले आणि 1923 साली लंडन विद्यापीठाचे डी.एस्सी. झाले. नुसत्या गुणांच्या यादीत हा विद्यार्थी कुठे बसला असता?

तिसरी गोष्ट अलीकडची. 2009 साली अकरावीच्या प्रवेशासाठी राज्य मंडळ आणि आयसीएसई यांचे गुण एका मापात आणायला सरकारने पर्सेंटाइलचे सूत्र काढले. मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले. 2010 साली 'बेस्ट फाइव्ह' आले, म्हणजे सर्वांत जास्त गुणांचे पाच विषय धरायचे. ते सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. 2019 पासून एमएचटी-सीईटी संगणकावर, अनेक सत्रांत होते. एका सत्राची प्रश्नपत्रिका कठीण, दुसऱ्याची सोपी. म्हणून तिथेही पर्सेंटाइल. त्या सत्रातल्या शंभरांपैकी कितीजणांना तुमच्याएवढे किंवा तुमच्याहून कमी गुण आहेत, ते पाहायचे.

या सगळ्याचा अर्थ काय? वेगळ्या परिस्थितीत मिळालेले गुण जसेच्या तसे ताडून पाहणे अन्यायाचे आहे, हे तत्त्व प्रस्थापित समाजालाही मान्य आहे. मंडळ बदलले, सत्र बदलले की सूत्र हवे, असे तोच म्हणतो. सूत्र कोणते यावर भांडण होते; पण सूत्र मागणाऱ्या पालकाला कोणी 'गुणवत्तेचा शत्रू' म्हणत नाही. तेच तत्त्व आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्याबंदीला लावले की मात्र गुणवत्ता धोक्यात येते. प्रश्नपत्रिका कठीण होती हे मान्य. जिणे कठीण होते हे अमान्य.

विद्यार्थी मित्रांनो, गुण मिळवाच; त्यात कसूर नको. पण त्या रकान्याशी थांबू नका. ती मुलगी थांबली होती. मग तिने तो भरला, ठळक अक्षरात, आणि अर्ज माझ्याकडे तपासायला दिला.