अडकित्त्यांचा धनी

वस्तूंच्या नोंदी करण्यात माझी हयात गेली, तरी पुण्यात बाजीराव रस्त्यावर गेलो की पाय केळकर संग्रहालयाकडे वळतातच. ते उभारणारे दिनकर केळकर म्हणजे कवी अज्ञातवासी. तलवारी जमवणारे हौशी पुष्कळ. केळकरांनी मात्र १९२०च्या सुमारास सुरुवात केली आणि घराघरांतून अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्र्यासुद्धा गोळा केल्या. स्वयंपाकघरातल्या वस्तूला काचेच्या कपाटात मान मिळाला तो असा. विंचवाच्या आकाराचं कुलूप जरूर बघा, शेपटीच्या वळलेल्या नांगीसकट! कोथरूडचा मस्तानी महाल तर त्यांनी उतरवून इथे पुन्हा उभा केला. पत्नी कमलाबाईंची साथ होतीच. संग्रहाला नाव दिलं अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं. पुढे हे सगळं महाराष्ट्र सरकारच्या हवाली केलं. विकायचं म्हटलं असतं, तर गिऱ्हाइकांची वाण नव्हती.